कोरडी वात: ई-सिगारेटच्या वातीचे एक प्रकरण

हे गृहस्थ पंचेचाळिशीतले. कित्येक वर्षे सिगारेट ओढली, मग ई-सिगारेटवर आले. सुरुवातीचे उपकरण साधे होते: लिक्विड शोषून पुढे नेणारी सिलिकाच्या दोऱ्याची वात, त्या लिक्विडची वाफ करणारी तापती तार म्हणजे २.२ ओहमची कॉइल, साधारण १० वॅट. तक्रार काही नव्हती. पुढे त्यांच्या वाचनात आले की सिलिकाची वात म्हणजे काचेचे तंतू आणि ते तंतू फुप्फुसात जातात. घाबरून त्यांनी सगळा संचच बदलला. स्वतः कॉइल वळून कापूस भरता येतो असा ॲटोमायझर, म्हणजे वाफ करणारा भाग, घेतला, ०.५ ओहमची कॉइल बसवली, ४५ वॅटवर चालवायला सुरुवात केली आणि लिक्विडही बदलले. आधी प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मे-निम्मे होते, आता ग्लिसरीन ८० टक्के.

काही आठवड्यांत घसा खवखवू लागला, सकाळी कोरडा खोकला यायला लागला आणि झुरक्याला करपट वास येऊ लागला. आता संशय कापसावर गेला. कापूस ब्लीच केलेला असतो, ते रसायन जळून घशात जात असावे, असा त्यांचा तर्क. माझे काम वस्त्ररसायनातले, म्हणून प्रश्न माझ्यापर्यंत आला. तो एका ओळीचा होता: "सिलिका, कापूस, रेयॉन, सिरॅमिक, यांतली सगळ्यात सुरक्षित वात कुठली ते सांगा, मी तीच घालतो."

उत्तर देण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. खोकला महिनाभर टिकला असेल तर तो आधी डॉक्टरांचा विषय आहे. छाती स्वच्छ निघाली, घशाला सूज होती. डॉक्टरांनी ई-सिगारेटही पूर्णपणे सोडायला सांगितले आणि तो सल्ला मला शंभर टक्के मान्य आहे. निकोटीनची सवय लागते, आणि जो ओढतच नाही त्याच्यासाठी कुठलीही वात सुरक्षित नाही. पण सिगारेटकडे परत जायचे नाही म्हणून हे उपकरण धरून बसलेल्या माणसाला "सोडा" एवढेच सांगून पाठवणे मला पटले नाही. जोवर ते वापरत आहेत, तोवर त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे.

वात उलगडली तेव्हा

त्यांनी दोन्ही ॲटोमायझर आणले होते. आधी कापसाचा उघडला. कॉइलमधून बाहेर आलेली कापसाची टोके पांढरी होती, पण लिक्विड आत येण्याच्या खाचांत ती इतकी दाबून बसवली होती की चिमट्याने ओढून काढावी लागली. कॉइलच्या आतला भाग तपकिरी होता आणि एका बाजूला, तारेचा शेवटचा वेढा जिथे पायाला जोडतो तिथे, काळा ठिपका होता. तोच तपकिरी भाग बोटांत चोळला तर तंतूंचा चुरा झाला. सेल्युलोज, म्हणजे कापसाचा तंतू ज्याचा बनतो तो पदार्थ, करपल्याची ही खूण कापडाच्या गिरणीत काम केलेला कुणीही ओळखेल.

ब्लीचच्या तर्काला इथेच उत्तर मिळत होते. ब्लीचचा अवशेष कारण असता तर संपूर्ण वातीत एकसारखा असायला हवा होता आणि त्रास नव्या वातीच्या पहिल्या झुरक्यांत सर्वांत जास्त व्हायला हवा होता. त्यांचा अनुभव उलटा होता. नवी वात चांगली चालायची आणि दिवसाअखेर, विशेषतः लागोपाठ झुरके घेतल्यावर, करपट लागायची.

तरीही ब्लीचबद्दल थोडे सांगते, कारण ही भीती फार पसरलेली आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे तो पाणी शोषत नाही, पाण्यावर तरंगतो. क्षारात उकळून हे मेण काढतात, मग बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग घालवतात. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते. या प्रक्रियेनंतर कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज उरतो. औषधी शोषक कापसाची फार्माकोपियातली, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथातली, कसोटीच अशी आहे की ठरावीक वजनाचा कापूस पाण्यावर सोडला की १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. 'अनब्लीच्ड, नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कापसात मेण आणि शेतातून आलेले इतर अंश राहून गेले असतील, तर तो वातीसाठी कमी चांगला ठरतो: शोषण मंद होते आणि तापवल्यावर त्या अंशांचेही काहीतरी होते. माझे मत स्पष्ट आहे. नीट धुतलेला, शोषक, सुगंध किंवा लोशन न लावलेला औषधी कापूस घ्यावा. चेहऱ्याच्या मेकअपसाठीचे पॅड घेऊ नयेत. त्यांच्या कडा चिकटवायला कधी कधी बाइंडर, म्हणजे चिकट पदार्थ, वापरलेला असतो.

१० वॅट आणि ४५ वॅट

वात का करपली, हा खरा प्रश्न. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो.

एक ग्रॅम लिक्विड खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेऊन त्याची वाफ करायला साधारण दीड किलोज्यूल ऊर्जा लागते. जुन्या उपकरणात ३ सेकंदांच्या झुरक्यात ३० ज्यूल मिळत होते, म्हणजे फार तर २० मिलिग्रॅम लिक्विडची वाफ. नव्यात १३५ ज्यूल, म्हणजे ९० मिलिग्रॅमपर्यंत. थोडी उष्णता धातूत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असेल, पण प्रमाण तेच राहते. वातीला त्याच ३ सेकंदांत साडेचारपट लिक्विड कॉइलपाशी पोहोचवायचे होते. आणि त्याच वेळी लिक्विड घट्ट झाले होते. २० अंशांना प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्याच्या पन्नास-साठपट घट्ट असते, ग्लिसरीन सुमारे चौदाशेपट. केशिकांमधून, म्हणजे केसासारख्या बारीक पोकळ्यांमधून, द्रव चढण्याचा वेग घट्टपणाच्या उलट प्रमाणात बदलतो. ल्युकस आणि वॉशबर्न या शास्त्रज्ञांनी हे सूत्र अनुक्रमे १९१८ आणि १९२१ मध्ये मांडले.

मग या गृहस्थांनी पुरवठा वाढावा म्हणून जास्त कापूस ठासला. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तंतू जवळजवळ आले की त्यांच्यामधल्या पोकळ्या लहान होतात. लहान पोकळीची ओढ जास्त असते हे खरे, पण तिच्यातून वाहण्याला होणारा अडथळा ओढीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. पोकळी निम्मी केली तर ओढ दुप्पट होते आणि अडथळा चौपट. ठासलेली वात लिक्विड घट्ट धरून ठेवते, पुढे सरकवत नाही. टोके पांढरी आणि मधला भाग तपकिरी असण्याचे कारण हेच. दिव्याच्या वातीलाही तेल आहे तोवर ज्योत तेल जाळते आणि तेल पोहोचेनासे झाले की स्वतः वातच जळू लागते.

तापमान किती बदलते? २०१८ मध्ये एका संशोधनगटाने कॉइल वरच्या बाजूला असलेल्या क्लिअरोमायझरमध्ये (लिक्विडची पारदर्शक टाकी असलेला ॲटोमायझर) प्रत्यक्ष मोजमाप करून आकडे प्रसिद्ध केले. कॉइल पूर्ण भिजलेली असताना कमाल तापमान ११० ते १८५ अंश सेल्सिअस, वातीतून लिक्विड येत असताना १४५ ते ३३४ आणि कोरडी असताना ३२२ ते १००८.  या तीन स्थितींतला मुख्य फरक ओलाव्याचा.

या आकड्यांशेजारी आणखी तीन आकडे ठेवावेत. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते. ग्लिसरीन २९०. आणि सेल्युलोज २५०च्या पुढे विघटन पावू लागते. म्हणजे नुसते ग्लिसरीन उकळायच्या आधीच कापूस करपायच्या पातळीला पोहोचलेला असतो. मिश्रणाचा उत्कलनबिंदू या दोहोंच्या मध्ये असतो आणि ग्लिसरीन वाढवले की वर सरकतो. त्यामुळे ८० टक्के ग्लिसरीन घेतल्याने दोन्ही बाजूंनी नुकसान झाले: पुरवठा मंदावला आणि ओल्या वातीचे तापमानही कापसाच्या मर्यादेकडे सरकले.

करपलेल्या सेल्युलोजमधून फरफ्युरल, ॲसिटाल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड निघतात. तितक्याच तापमानाला ग्लिसरीनमधले पाणी निघून ॲक्रोलिन बनते आणि घशाला टोचणाऱ्या पदार्थांत ॲक्रोलिन फार वरच्या क्रमांकावर आहे. घशाच्या तक्रारीला एवढे पुरेसे होते.

मग सिलिका बरी होती का?

हा प्रश्न त्यांनी लगेच विचारला आणि तो रास्त होता. सिलिका जळत नाही. त्यांचा जुना ॲटोमायझर मी त्यासाठीच उघडला.

आधी त्यांच्या मूळ भीतीबद्दल. वातीची सिलिका अस्फटिक, म्हणजे काचेसारखी, स्फटिकांची नियमित रचना नसलेली असते. खाणीत, दगडफोडीत कामगारांना सिलिकोसिस होतो तो स्फटिक सिलिकाच्या धुळीने; तिलाच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत ठेवले आहे. अस्फटिक सिलिका तिसऱ्या गटात आहे, म्हणजे तिच्याबाबत तसे वर्गीकरण करता येत नाही. शिवाय फुप्फुसात खोल पोहोचणाऱ्या तंतूची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ३ मायक्रॉनपेक्षा कमी जाडी, ५ मायक्रॉनपेक्षा जास्त लांबी आणि जाडीच्या तिपटीहून अधिक लांबी अशी आहे. विणलेल्या सिलिका दोऱ्यातले अखंड तंतू सहसा याहून जाड असतात. तेव्हा 'काच छातीत जाते' हे वाक्य जसेच्या तसे खरे मानायचे कारण नाही.

पण काळजी पूर्ण निराधारही नाही. २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात कार्टोमायझरच्या (लिक्विड आणि कॉइल एकत्र असलेल्या नळीच्या) वाफेत धातूंबरोबर सिलिकेटचे कणही आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आणि या गृहस्थांच्या जुन्या वातीत मला जे दिसले त्याने मी खरोखर अस्वस्थ झाले. कॉइलवर काळा थर जमला की ते लिक्विड न घालता, वात आत ठेवूनच, कॉइल लाल होईपर्यंत बटण दाबून ठेवत असत. 'ड्राय बर्न' म्हणतात त्याला. थर जळून जातो, सिलिका जागेवर राहते, चव परत येते. वात मी बोटाने वाकवली तर ती मऊ दोऱ्यासारखी वाकली नाही, मोडली. पांढरी धूळ टेबलवर पडली. तापवून ठिसूळ झालेल्या तंतूंचे तुकडे अखंड दोऱ्यातल्या तंतूंसारखे वागत नाहीत, आणि झुरका घेताना हवा नेमकी तिथूनच जाते.

सिलिकाचा गुण असा आहे की ती जळत नाही आणि तिचा दोषही तोच आहे. कापूस कोरडा पडला की करपतो आणि वास येऊन माणूस थांबतो. सिलिका कोरडी पडली तर वात तशीच राहते. तारेवर उरलेल्या लिक्विडचे विघटन होत असते, त्याची तिखट चव येतेही, पण कापसाइतकी ढळढळीत नाही. शिवाय ती पुन्हा पुन्हा तापवून वापरता येत असल्यामुळे लोक ती महिनोन्‌महिने बदलत नाहीत. १० वॅटवर, ड्राय बर्न न करता, नियमित बदललेली सिलिका वात मी वाईट म्हणणार नाही. तिचे शोषण मात्र कापसापेक्षा मंद असते. सिलिकाचा तंतू भरीव असतो, त्यामुळे लिक्विड फक्त तंतूंच्या मधून सरकते. कापसाचा तंतू आतून पोकळ, पिळदार असतो आणि सेल्युलोज स्वतःही लिक्विड धरते. ४५ वॅटला सिलिका टिकलीच नसती.

एक गोष्ट मी करू दिली नाही

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक पांढरा दोर काढला. भट्टीच्या दारांना लावतात तसला सिरॅमिक दोर. "हा हजार अंशांना जळत नाही म्हणे. याचीच वात केली तर?"

हे प्रकरण लिहिण्याचे माझ्यासाठी सर्वांत मोठे कारण हा दोर आहे. रिफ्रॅक्टरी, म्हणजे अति उष्णता सहन करणारे, सिरॅमिक तंतू कर्करोग संस्थेच्या '२ ब' गटात आहेत, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले. असे तंतू बारीक असतात, सुटतात आणि फुप्फुसात लवकर विरघळत नाहीत. इन्सुलेशनच्या दोरात विणकाम टिकावे म्हणून इतर धागे किंवा बाइंडरही असतात, जे पहिल्या तापवण्यात जळतात. भट्टीवर काम करणारे लोक हा दोर कापताना मास्क लावतात. तो तोंडापासून काही सेंटिमीटरवर ठेवून त्यातून हवा ओढायची, या कल्पनेत सुरक्षित असे काहीच नाही. जास्त तापमान सहन करणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. मी तो दोर त्यांच्याकडून मागून घेतला.

तयार कॉइलमध्ये येणारे सच्छिद्र सिरॅमिक वेगळे. ते भाजून एकसंध केलेले असते, सुटे तंतू नसतात आणि नीट बनवलेले असेल तर खूप काळ टिकते. तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की उष्णता धरून ठेवते, त्यामुळे झुरक्यानंतरही आतले लिक्विड शिजत राहते. दर्जा कारखान्यावर अवलंबून असतो आणि वापरणाऱ्याला आतली रचना तपासता येत नाही. तडा गेलेली कॉइल घासून-पुसून परत वापरू नये, एवढे मी सांगितले. स्टीलच्या जाळीच्या वातीकडे आम्ही वळलोच नाही. जाळीचा तारेशी शॉर्ट होऊ नये म्हणून ती आधी ज्योतीवर तापवून तिच्यावर वीज न वाहू देणारा ऑक्साइडचा थर आणावा लागतो. थर एका जागी जरी सुटला तरी तिथे ठिणगीसारखा तप्त बिंदू तयार होतो, आणि लिक्विडशी सतत संपर्कात राहणारा आणखी एक क्रोमियम-निकेलचा पृष्ठभाग वाढवायचे मला कारण दिसले नाही.

रेयॉन हा कापसाचाच भाऊ, लाकडाच्या लगद्यापासून पुन्हा बनवलेले सेल्युलोज. तंतू एकसारखे, मेण नाही, शोषण वेगवान. करपण्याचे तापमान कापसाच्याच आसपास, त्यामुळे सुरक्षिततेत कापसापेक्षा वेगळा धरता येत नाही.

चवीवर किती विसंबायचे

वातींची तुलना करणारे आकडे वाचताना एक गोष्ट पाहिली पाहिजे: चाचणीत वात ओली राहिली होती का. प्रमाणित यंत्र ५५ मिलिलिटरचा, ३ सेकंदांचा झुरका दर ३० सेकंदांनी घेते आणि त्याला चव नसते. वात कोरडी पडली तरी ते ओढतच राहते. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका पत्रात ५ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे मोठ्या प्रमाणात सापडल्याचे आले. ३.३ व्होल्टवर ती आढळली नव्हती. त्याच वर्षी 'ॲडिक्शन' नियतकालिकात दुसऱ्या गटाने दाखवले की इतके ॲल्डिहाइड (फॉर्माल्डिहाइडच्या कुळातले पदार्थ) 'ड्राय पफ'च्या, म्हणजे कोरड्या वातीवरच्या झुरक्याच्या, स्थितीतच निघतात आणि अनुभवी वापरकर्ते ती चव ओळखून थांबतात.

या वादात दोन्ही बाजूंचे मोजमाप मला महत्त्वाचे वाटते, पण 'माणूस थांबतो' यावर मी सगळा भार टाकणार नाही. समोरचा माणूस थांबला नव्हता. अनेक वर्षे धूर ओढलेल्या जिभेला करपट चव पूर्णपणे परकी नसते. त्यात त्यांचे लिक्विड गोड होते. सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा घातलेले लिक्विड कॉइलवर काळा थर लवकर बसवते आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुक्रालोजमुळे लिक्विडचे विघटन वाढते असेही दिसले. गोडव्याखाली करपट वास दबतो.

काय बदलले

म्हणून उपाय वातीच्या नावात शोधला नाही. वात कापसाचीच ठेवली. लिक्विड परत निम्मे-निम्मे आणि गोडवा नसलेले. कॉइलची तार ३१६एल स्टेनलेस स्टीलची, कारण गरम झाल्यावर तिचा रोध मोजता येईल इतका वाढतो आणि त्यावरून उपकरण तापमानाला मर्यादा घालू शकते. ती मर्यादा २१० अंशांच्या आसपास ठेवली आणि नुसत्या आकड्यावर विश्वास न ठेवता तपासली: कोरडा, स्वच्छ कापूस कॉइलमध्ये सैल बसवायचा, लिक्विड न घालता काही सेकंद बटण दाबायचे आणि कापूस काढून उजेडात बघायचा. पिवळट झाला तर मर्यादा खाली आणायची. त्यांच्या उपकरणात पहिल्यांदा कापूस फिकट तपकिरी झाला, म्हणजे पडद्यावरचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा कमी होता. मर्यादा उतरवल्यावर पांढरा राहिला. ही चाचणी कापूस किंवा रेयॉन अशा सेल्युलोजच्या वातीवरच करता येते. सिलिका किंवा सिरॅमिक तापमान चुकल्याचे असे दाखवत नाहीत, आणि या एका कारणासाठी मी आज कापसाची बाजू घेते.

कापूस भरताना कसोटी अशी ठेवली: वात कॉइलमधून ओढताना हलका अडथळा जाणवावा, पण तार हलू नये. टोके कात्रीने विरळ केली, खाचेत नुसती टेकवली. वॅट २० च्या आत आणले. चव बदलली की वात बदलायची, ड्राय बर्न करायचा असेल तर वात आधी काढायची.

पुढच्या वेळी उघडलेल्या वातीचा मधला भाग लिक्विडच्या रंगाने पिवळसर होता, पण चोळल्यावर चुरा झाला नाही. करपट वास गेला. खोकला कमी झाला. घशाचा कोरडेपणा थोडा राहिला, आणि तो मला अपेक्षित होता, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉल स्वतःच ओलावा ओढून घेते.

आता त्यांना निकोटीन कमी करत न्यायचे आहे. इथे वातीचा विषय पुन्हा येतो, कारण निकोटीन घटवले की माणूस नकळत लांब आणि जास्त झुरके घेऊन ते भरून काढतो, आणि मागणी पुन्हा वातीवर येते. त्यामुळे आम्ही ठरवले की निकोटीन टप्प्याटप्प्याने खाली आणायचे, त्या काळात वॅट वाढवायचे नाहीत, दोन झुरक्यांत वात भिजायला वेळ द्यायचा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पहिली काढलेली वात उलगडून बघायची.